शिक्का आणि वर्तन : कार्यप्रणालींची मानके आणि सार्वजनिक अभिलेख

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल गाडी विठ्ठलवाडी सोडल्यानंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ ओलांडते. तिन्ही शहरे उल्हास नदीच्या खोऱ्यातील. परंतु प्रत्येकाची जडणघडण वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. छावणीचे 'कॅम्प' क्रमांक आजही पत्त्यांत टिकून आहेत. येथील कष्टाळू कारागिरांनी लहान लहान जागांत नाना प्रकारचा माल तयार केला. त्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, ही आख्यायिका मुंबई परिसरात आजही हसत हसत सांगितली जाते.

पुढचे स्थानक अंबरनाथ. इ.स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे शहर स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षण उत्पादनाचे केंद्र बनले. येथील मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीसारख्या कारखान्यांशी परिचित असलेल्या कामगाराला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही : यंत्राचा सुटा भाग त्यावरील अक्षरांवरून स्वीकारला जात नाही. तो मापकात बसतो की नाही, यावरून स्वीकारला जातो.

शिक्का आणि मापक या दोहोंतील फरक संगणकाच्या क्षेत्रातही तितकाच महत्त्वाचा आहे. 'आमची प्रणाली मानकाप्रमाणे आहे' असे निविदेत लिहिणे हा शिक्का होय. अडचणीच्या क्षणी ती प्रणाली प्रत्यक्षात काय करते, हे तपासून पाहणे हे मापक होय. सार्वजनिक अभिलेख संगणकावर ठेवले जात असताना अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी हा फरक समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

नोंद हरवली तर काय हरवते?

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. २०२३ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदारयादी इत्यादी प्रयोजनांसाठी जन्मदिनांकाचा व जन्मस्थानाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्राला निर्णायक स्थान मिळाले आहे. म्हणजेच, आज नोंदविलेली एक ओळ त्या बालकाला आयुष्यभर पुरावयाची आहे. मालमत्ता कराची आकारणी, पाणीपट्टीची पावती, घराचा नोंदणी क्रमांक यांचेही तसेच आहे.

अशा नोंदी एकाच कार्यालयात कायम राहतील असेही नाही. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा अंबरनाथ व बदलापूर यांचा समावेश तिच्या हद्दीत होता. १९९२ मध्ये या दोन्ही शहरांना पुन्हा स्वतंत्र नगरपरिषदा मिळाल्या. हद्दी बदलतात, कार्यालये बदलतात, यंत्रे तर दर काही वर्षांनी बदलतात. नोंद मात्र टिकली पाहिजे. शिवाय हे खोरे पुराचे आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या पट्ट्याला मोठा तडाखा बसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. येथे वीज अवचित जाणे ही पुस्तकातील कल्पना नाही.

सिस्टीम कॉल म्हणजे काय?

संगणकावर चालणारी कोणतीही आज्ञावली, मग ती कर वसुलीची असो वा दाखले देणारी, स्वतः होऊन डिस्कला हात लावू शकत नाही. डिस्क, स्मृती, पडदा, जाळे या सर्वांचा ताबा ऑपरेटिंग सिस्टीमकडे, म्हणजेच कार्यप्रणालीकडे असतो. आज्ञावलीला काही हवे असेल, तर तिने कार्यप्रणालीकडे ठराविक नमुन्यात मागणी करावयाची असते. या मागणीस सिस्टीम कॉल असे म्हणतात.

तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षाचे उदाहरण येथे चपखल बसते. अर्जदार स्वतः कपाट उघडून दप्तर काढत नाही. तो विहित नमुन्यात अर्ज करतो. अभिलेखपाल अर्ज पाहून त्याला एक क्रमांक देतो. पुढील सर्व व्यवहार त्या क्रमांकावर होतो आणि शेवटी 'काम झाले' किंवा 'अमुक कारणास्तव झाले नाही' असे उत्तर मिळते. संगणकात फाइल उघडण्याची मागणी 'ओपन', वाचण्याची 'रीड', लिहिण्याची 'राइट' आणि काम संपल्याचे कळविण्याची 'क्लोज' या नावाने ओळखली जाते. 'एफसिंक' या मागणीचा अर्थ असा की, 'आतापर्यंत लिहावयास दिलेला मजकूर खरोखर साठवणीच्या उपकरणापर्यंत पोचवा आणि मगच उत्तर द्या.'

या व्यवहारात दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. पहिली, मागणी कोणत्या नमुन्यात करावी. दुसरी, कोणत्या परिस्थितीत कोणते उत्तर मिळेल. पहिली गोष्ट सोपी आहे. वादाचे आणि हानीचे बहुतेक प्रसंग दुसरीत दडलेले असतात.

मानक कसे घडले?

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. पुढील दोन दशकांत विद्यापीठांनी व कंपन्यांनी तिच्यात आपापल्या परीने बदल केले. परिणामी, एका युनिक्सवर नीट चालणारी आज्ञावली दुसऱ्या युनिक्सवर अडखळू लागली. हा गोंधळ मिटविण्यासाठी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८८ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. त्याचे नाव पॉझिक्स. १९९० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असून २०२४ मध्ये नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आहे.

भारतालाही या विषयाची ओळख लवकर झाली. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरच्या बँक संगणकीकरणात युनिक्सला मोठे स्थान मिळाले. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. कोणत्याही एका विक्रेत्यावर कायम अवलंबून राहावे लागू नये आणि एका कार्यालयाची माहिती दुसऱ्याला वाचता यावी, हा त्या धोरणामागील विचार आहे.

मानकाची भाषा कायद्याच्या भाषेसारखीच असते. अधिनियमात 'करील' असे लिहिले असेल, तर ते बंधन असते. 'करता येईल' असे लिहिले असेल, तर ती मुभा असते. पॉझिक्समध्येही काही वर्तने बंधनकारक, काही ऐच्छिक आणि काही 'अनिर्दिष्ट' म्हणून स्पष्टपणे मोकळी सोडलेली आहेत. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दोन कार्यप्रणाली एकाच मानकाचे तंतोतंत पालन करीत असूनही एकाच मागणीला निरनिराळी उत्तरे देऊ शकतात. म्हणून 'मानक पाळले आहे काय?' या प्रश्नाबरोबरच 'मानक जेथे गप्प आहे तेथे काय होते?' हाही प्रश्न विचारावा लागतो. याची काही उदाहरणे पुढे दिली आहेत.

अर्धवट काम आणि पूर्ण उत्तर

पहिले उदाहरण साधे आहे. आज्ञावलीने पाचशे अक्षरे लिहिण्याची मागणी केली आणि डिस्कवर वीस अक्षरांचीच जागा उरली असेल, तर 'राइट' ही मागणी सरळ नकार देत नाही. ती वीस अक्षरे लिहिते आणि 'वीस लिहिली' असे उत्तर देते. पुढच्या खेपेस मात्र जागा नसल्याचे कळविते. यात कार्यप्रणालीची चूक काहीच नाही. मानकात तसेच सांगितले आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने उत्तरातील आकडा न वाचता काम पूर्ण झाले असे गृहीत धरले, तर नोंद अर्धी राहते आणि पडद्यावर मात्र 'जतन झाले' असे झळकते. पोचपावतीवरील संख्या न पाहता ती फाइलला लावणाऱ्या लिपिकासारखाच हा प्रकार आहे.

'क्लोज' या मागणीबाबतही दीर्घकाळ संदिग्धता होती. ही मागणी मध्येच खंडित झाली, तर फाइलचा क्रमांक बंद झाला की खुला राहिला, हे मानकाच्या पूर्वीच्या आवृत्त्यांनी अनिर्दिष्ट ठेवले होते. लिनक्समध्ये तो बंद झालेला असे. एचपी-यूएक्स या युनिक्समध्ये खुला राही. २०२४ च्या आवृत्तीने हा प्रश्न सोडविला. 'खंडित' असे उत्तर आल्यास क्रमांक खुला आहे असे समजावे आणि तो बंद झालेला असल्यास निराळे उत्तर द्यावे, असे तीत सांगितले आहे. लिनक्सची रूढ पद्धत यापेक्षा वेगळी आहे. मानक आणि रूढी यांचा मेळ बसण्यास किती वर्षे लागतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

'पोचले' म्हणजे कोठे पोचले?

आता सर्वांत महत्त्वाच्या उदाहरणाकडे वळू. नागरिक खिडकीवर कर भरतो, लिपिक नोंद करतो आणि पावती छापली जाते. त्याच क्षणी वीज जाते. पावती नागरिकाच्या हातात आहे. नोंद कोठे आहे?

आज्ञावलीने 'राइट' केलेला मजकूर बहुधा प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबतो. कार्यप्रणाली सवडीने तो डिस्ककडे पाठविते. त्यामुळे काम वेगाने होते. परंतु या मधल्या अवधीत वीज गेली, तर तो मजकूर नाहीसा होतो. म्हणूनच नीट रचलेली प्रत्येक माहिती-कोश आज्ञावली पावती देण्यापूर्वी 'एफसिंक' करून मजकूर पोचल्याची खात्री करून घेते. संपूर्ण विश्वास या एका उत्तरावर विसंबलेला असतो.

२०१८ मध्ये पोस्टग्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या माहिती-कोश प्रणालीच्या तंत्रज्ञांना या विश्वासातील एक भेग दिसून आली. डिस्कच्या बिघाडामुळे 'एफसिंक' अयशस्वी झाली, तर पुन्हा मागणी करावी आणि दुसऱ्या खेपेस यश मिळाले म्हणजे मजकूर पोचला असे समजावे, अशी त्यांची रचना होती. लिनक्समध्ये मात्र पहिल्या अपयशानंतर तो मजकूर 'लिहून झालेला' म्हणून गणला जाऊ शकत असे. त्यामुळे दुसऱ्या खेपेस 'सर्व ठीक' असे उत्तर येई आणि मजकूर मात्र डिस्कवर नसे. अपयश आल्यानंतर मजकुराचे काय करावे, हे मानकाने नेमके सांगितले नव्हते. दोन्ही पक्ष आपापल्या समजुतीप्रमाणे वागत होते आणि त्यांच्यामध्ये नोंद हरवत होती. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली पद्धत बदलली. 'एफसिंक'ने अपयश कळविताच आता ती काम थांबविते आणि आपल्या व्यवहार-रोजनिशीवरून नोंदी पुन्हा उभ्या करते. खोट्या यशापेक्षा प्रामाणिक थांबा बरा, हा धडा यातून मिळाला.

दुसरा दाखला याहून विचार करावयास लावणारा आहे. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांची कार्यप्रणाली २००७ मध्ये युनिक्स म्हणून रीतसर प्रमाणित झाली. तरीही तिच्या 'एफसिंक'विषयी कंपनीच्या माहितीपत्रकातच सांगितलेले आहे की, मजकूर डिस्कपर्यंत पाठविला गेला तरी तो डिस्कच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबलेला असू शकतो. पूर्ण खात्रीसाठी 'फुल एफसिंक' ही वेगळी मागणी करावी. यात फसवणूक नाही. माहिती उघडपणे दिलेली आहे आणि मानकानेही याबाबत बरीच मोकळीक ठेवली आहे. परंतु प्रमाणपत्र पाहून निश्चिंत झालेल्या खरेदीदाराला हे ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

मराठी नावे आणि मानकाची मर्यादा

वरील उदाहरणे तंत्रज्ञांची वाटतील. पुढील अडचण मात्र कोणत्याही कार्यालयातील लिपिकाच्या अनुभवास येऊ शकते.

शासकीय पत्रव्यवहारात विषय सविस्तर लिहिण्याची पद्धत आहे आणि संगणकावरही तोच विषय फाइलचे नाव म्हणून दिला जातो. 'अंबरनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या मालमत्ता कर आकारणी नोंदवहीच्या फेरतपासणीबाबतचा अहवाल' हे नाव नमुन्यादाखल घेऊ. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त चिन्ह वेगवेगळे मोजल्यास यात देवनागरीची ८२ चिन्हे आणि शब्दांमधील ८ मोकळ्या जागा आहेत. विंडोजच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत एका नावाला २५५ चिन्हांची मर्यादा असते. शेवटी टिंब व फाइलचा प्रकार दर्शविणारी तीन रोमन अक्षरे मिळून चार चिन्हे जोडली, तरी हे नाव ९४ चिन्हांचे होते आणि सहज मावते.

लिनक्सच्या प्रचलित फाइल व्यवस्थांत मर्यादा २५५ हीच आहे. परंतु ती चिन्हांची नसून बाइटची आहे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी चिन्हाला तीन. म्हणजे वरील नावातील ८२ चिन्हांचे २४६ बाइट, त्यात ८ मोकळ्या जागा मिळवून २५४ आणि शेवटची चार अक्षरे धरून एकूण २५८ बाइट होतात. मर्यादा तीन बाइटनी ओलांडली जाते आणि फाइल उतरवून घेण्याची मागणी 'नाव फार लांब' असे सांगून नाकारली जाते. शेकडो फाइली एकदम हलविताना अशा नकारांची यादी कोणी वाचली नाही, तर नेमके तेवढेच अहवाल जुन्या यंत्रात राहून जातात. जुने यंत्र निर्लेखित झाले की तेही गेले.

पॉझिक्सने प्रत्येक अनुपालक प्रणालीवर नावासाठी जी किमान मर्यादा घातली आहे, ती तर केवळ १४ बाइटची आहे. १४ बाइटमध्ये देवनागरीची चारच चिन्हे मावतात. 'अंबर' बसते, 'अंबरनाथ' बसत नाही. काही जुन्या युनिक्समध्ये १४ च्या पुढील अक्षरे न सांगता कापली जात. मानकाच्या पुढील आवृत्त्यांनी असे मुकाट्याने कापणे नाकारले आणि चूक कळविणे आवश्यक केले, ही समाधानाची गोष्ट होय. तसेच, कोणत्याही प्रणालीवर निर्धोकपणे चालतील अशी म्हणून मानकाने जी अक्षरे सांगितली आहेत, ती रोमन अक्षरे, अंक, टिंब, अधोरेषा व संयोगचिन्ह एवढीच आहेत. देवनागरी वापरता येत नाही असे नाही. परंतु तिची हमी मानक देत नाही.

दुसरी अडचण 'ऱ' या अक्षराची. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव प्रत्येक ग्रामपंचायतीत आढळेल. यातील 'ऱ' युनिकोडमध्ये एकाच संकेताने लिहिता येतो, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. कोणत्या कळफलकातून व आज्ञावलीतून टंकन झाले, यावर ते अवलंबून असते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. लिनक्सची सर्वसाधारण फाइल व्यवस्था नावाकडे केवळ बाइटची माळ म्हणून पाहते. त्यामुळे एकाच कप्प्यात 'शेतकऱ्यांची यादी' या नावाच्या दोन वेगळ्या फाइली सुखाने नांदू शकतात. मॅकची कार्यप्रणाली ही दोन्ही रूपे एकच मानते. तेथे दोन फाइली एका कप्प्यात उतरविल्यास एक दुसरीच्या जागी येण्याचा धोका असतो. यादीतून वगळला गेलेला शेतकरी अनुदानासाठी दाद मागू लागला, तर दोष कोठे आहे हे शोधण्यास किती वेळ जाईल, याची कल्पनाच केलेली बरी.

२०३८ चे वळण

युनिक्सच्या पद्धतीत काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजला जातो. ही संख्या ३२ अंशांच्या खान्यात ठेवणाऱ्या प्रणालींत ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. त्यापुढे गणना उलटून १९०१ सालात जाऊ शकते. पॉझिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीने हा खाना किमान ६४ अंशांचा असावा असे बंधन घातले आहे. परंतु जुनी यंत्रे आणि जुन्या आज्ञावली नव्या मानकाने आपोआप सुधारत नाहीत. आज दिलेल्या तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुदत २०३८ च्या पलीकडे जाते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी जन्मलेले बालक १ ऑक्टोबर २०४१ रोजी अठरा वर्षांचे होईल. म्हणजे हा प्रश्न भविष्यातला असला, तरी त्यात अडकणाऱ्या तारखा आजच नोंदवहीत लिहिल्या जात आहेत.

शिक्क्याचे मोल आणि मर्यादा

याचा अर्थ प्रमाणपत्रे निरुपयोगी असतात असा नाही. भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली. १९८७ मध्ये तिचे कार्य भारतीय मानक ब्युरोकडे आले. विजेच्या उपकरणावरील आय.एस.आय. चिन्हाला ग्राहक मान देतो, कारण त्या चिन्हामागे नमुन्यांची चाचणी असते. युनिक्स हे नाव लावण्याचा अधिकारही चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. उलटपक्षी, लिनक्सचे बहुतेक प्रकार अशा प्रमाणपत्राच्या वाटेला गेलेले नाहीत, तरी व्यवहारात ते मानकाच्या पुष्कळ जवळ आहेत. चाचणी ठराविक परिस्थितींची होते. डिस्क नादुरुस्त होणे, वीज जाणे, जागा संपणे यांच्या सर्व संयोगांची ती होऊ शकत नाही.

तेव्हा शिक्का ही चौकशीची सुरुवात आहे, शेवट नव्हे. उल्हासनगरच्या आख्यायिकेतही अखेर तीच गोष्ट आहे. कारागिराचा माल टिकला तो अक्षरांमुळे नव्हे, तर वापरणाऱ्याला तो उपयोगी पडला म्हणून.

कार्यालयांनी व शाळांनी काय करावे?

अधिकाऱ्यांनी निविदेत केवळ 'मानकानुसार' असा शब्द न घालता कोणत्या मानकाची कोणती आवृत्ती अभिप्रेत आहे, हे नमूद करावे. पुरवठादाराकडून 'नोंद जतन झाली, असे आपली आज्ञावली नेमके केव्हा सांगते?' या एका प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे. स्वीकृतीच्या वेळी चाचणी-यंत्रावर, खऱ्या नोंदी नसताना, तीन प्रसंग घडवून पाहावेत : नोंद करीत असताना वीज तोडणे, डिस्क पूर्ण भरणे आणि लांब मराठी नावांच्या फाइली एका प्रणालीतून दुसरीत हलविणे. प्रत्येक प्रसंगानंतर पावत्या आणि नोंदी यांची संख्या जुळते की नाही, हे पडताळावे. स्थलांतरानंतर केवळ 'पूर्ण' हा शब्द पाहून न थांबता दोन्हीकडील फाइलींची गणना करून घ्यावी.

पंचायत सदस्यांना तांत्रिक तपशिलात शिरण्याची आवश्यकता नाही. नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही आणि नमुना ९ ची कर मागणी नोंदवही यांचा मेळ ते घालतातच. तोच चोखंदळपणा संगणकातील नोंदींस लावावा. अभिलेखाची दुसरी प्रत कोठे आहे आणि त्या प्रतीवरून नोंद परत आणून शेवटचे केव्हा पाहिले, हे दोन प्रश्न मासिक सभेत विचारले गेले, तरी पुष्कळ काम होईल. ज्या प्रतीवरून कधी काही परत आणून पाहिलेले नाही, ती प्रत आहे असे समजू नये.

शाळांमध्ये हा विषय सहज शिकविता येईल. लिनक्स असलेल्या संगणकावर विद्यार्थ्यांनी एक मराठी नाव वाढवीत न्यावे आणि कोणत्या चिन्हाला नकार येतो ते नोंदवावे. मग तीनने गुणून कारण शोधावे. 'ऱ' ची दोन रूपे वापरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली तयार कराव्यात. दिसणे आणि असणे यांतील फरक व्याख्यानापेक्षा या प्रयोगातून लवकर उमगेल.

फाइलींची नावे ठेवण्याचा साधा नियमही प्रत्येक कार्यालयाला करता येण्याजोगा आहे. नाव आखूड असावे, त्यात वर्ष व क्रमांक असावा आणि सविस्तर विषय मजकुराच्या आत लिहावा. कागदी काळातील आवक-जावक क्रमांकाची पद्धत याच शहाणपणातून आली होती.

मानक हा प्रणाली तयार करणारा आणि ती वापरणारा यांच्यातील लेखी करार आहे. करार वाचावा लागतो, त्यातील मोकळ्या जागा ओळखाव्या लागतात आणि तो पाळला जातो की नाही हे अधूनमधून तपासावे लागते. उल्हास खोऱ्यातील एखाद्या खिडकीवर आज नोंदविलेले बालक १८ वर्षांनी मतदारयादीत नाव घालण्यासाठी येईल. तोवर ते यंत्र, ती आज्ञावली आणि कदाचित ते कार्यालयही बदललेले असेल. त्या दिवशी त्याची नोंद सापडली पाहिजे. आणि ती सापडेल याची तजवीज आजच्या अधिकाऱ्याच्या हाती आहे.